एल्विसच्या मागचा तो खर्ज: जे. डी. सम्नर यांचा आवाज आणि त्यांनी उभं केलेलं काम

प्रश्न असा आहे: एल्विस प्रेस्लीच्या 'वे डाउन' या गाण्यात खाली खाली उतरत जाणारा जो खर्ज ऐकू येतो, तो माणसाचा आवाज आहे की यंत्राची करामत? माणसाचा असेल तर तो गायक कोण, त्याची कारकीर्द कशी घडली, आणि असा आवाज रियाजाने कमावता येतो का?

आवाज माणसाचाच आहे. गायकाचं नाव जे. डी. सम्नर, पूर्ण नाव जॉन डॅनियल सम्नर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चार पुरुषांनी पियानोच्या साथीवर ख्रिस्ती भक्तिगीतं गायची एक परंपरा आहे, तिला सदर्न गॉस्पेल म्हणतात. त्या परंपरेतले हे सर्वांत नावाजलेले बास गायक. मी बरीच वर्षं चर्चच्या गायकवृंदात बास गातो आणि नव्या मुलांना बास शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि जवळजवळ दर वेळी त्या एका स्वरापुरताच येतो. स्वराबद्दल सांगतोच. पण सम्नर यांनी अर्ध्या शतकात जे काम केलं, त्यात तो स्वर फार थोडी जागा व्यापतो असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी स्वर. 'वे डाउन' १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये मेम्फिसला, एल्विसच्या ग्रेसलँड या राहत्या घरात ध्वनिमुद्रित झालं. आरसीए कंपनीने मुद्रणाची सगळी सामग्री घरीच नेली होती. गाण्यात ध्रुवपद संपताना सम्नर उतरत उतरत ज्या सी या स्वरावर येतात, तो पियानोच्या मधल्या सीपासून तीन सप्तकं खाली आहे. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर त्याच्या डावीकडे फक्त तीन पट्ट्या उरतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर, एखाद्या गायकाने काळी एकमध्ये सा धरला, तर त्याच्या मंद्र षड्जापासून आणखी एक सप्तक आणि वर अर्धा सूर खाली. कंपनसंख्या सेकंदाला साधारण ३३. पाश्चात्त्य गायनात बास आवाजाची नेहमीची खालची हद्द ८२ च्या आसपास मानतात आणि ६५ पर्यंत स्वच्छ उतरणारा गायक भेटला तर आम्ही त्याला जपून ठेवतो.

इतक्या खाली नेहमीच्या पद्धतीने गाता येत नाही. नेहमीच्या गाण्यात स्वरतंतू ताणलेले असतात आणि हवेच्या दाबाने एका लयीत उघडमीट करतात. स्वर खाली नेत गेलं की ताण कमी होत जातो, आणि एका टप्प्यानंतर तंतू इतके सैल पडतात की प्रत्येक उघडमीट सुटी ऐकू येऊ लागते. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला शब्द बोलताना जो करकरीत, तुटक आवाज येतो, तो याच जागेतला. त्याला व्होकल फ्राय म्हणतात. तिथे आवाजाला जोर नसतो. दहा फुटांवरच्या माणसाला तो धड ऐकूही जात नाही. म्हणून मायक्रोफोन लागतो आणि तो ओठांना जवळजवळ टेकवून धरावा लागतो. रंगमंचावर वापरले जाणारे बहुतेक मायक्रोफोन इतक्या जवळून खालच्या कंपनांना आपोआप उठाव देतात. सम्नर यांना हे नेमकं कळलं होतं. त्यांच्या कार्यक्रमांची चित्रफीत पाहताना चेहऱ्याऐवजी हाताकडे बघा. साधी ओळ गाताना माइक कुठे असतो आणि तळाला जाताना तो कसा हळूच जवळ येतो, हे पाहून शिकण्यासारखं आहे. ज्यांना वाटतं की ही यंत्राची करामत, त्यांना मी एवढंच सांगेन की यंत्र आवाज मोठा करतं, सूर लावत नाही. त्या तळाशी जाऊन गाण्याच्या सुरातच थांबणं हे गळ्याचं आणि कानाचं काम आहे.

अजून एक. हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. तेवढासा स्पीकर ३३ कंपनं काढूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे उपस्वर, आणि त्यांवरून मूळ स्वर कोणता ते कान ताडतो. बऱ्यापैकी हेडफोन लावा, मग छातीत काय होतं ते कळेल.

सर्वांत खालचा स्वर गाणारा माणूस म्हणून गिनेस बुकात सम्नर यांचं नाव अनेक वर्षं होतं. पुढे तो विक्रम टिम स्टॉर्म्स या गायकाकडे गेला. २०१२ मध्ये त्याने नोंदवलेला स्वर सेकंदाला ०.१८९ कंपनांचा आहे, म्हणजे एका कंपनाला पाच सेकंदांहून जास्त. तो यंत्रावर मोजता येतो, माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. स्टॉर्म्सचा आवाज खरोखर असामान्य आहे, त्याबद्दल वाद नाही, पण गाण्यात वापरता येईल असा खर्ज हवा असेल तर मला अजूनही सम्नर यांच्याकडेच जावं लागतं.

आता माणूस. सम्नर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२४ चा, फ्लोरिडातल्या लेकलँडचा. ते ज्या परंपरेत वाढले ती समजल्याशिवाय त्यांची कारकीर्द कळत नाही, म्हणून थोडं मागे जातो. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचा जेम्स डी. व्हॉन हा गाण्याच्या पुस्तकांचा प्रकाशक. पुस्तकं खपावीत म्हणून त्याने १९१० मध्ये चार गायकांचा एक संच पगारावर ठेवून गावोगाव पाठवला. चौकडीने गायचं, लोकांना गाणं आवडलं की पुस्तक विकायचं. या पुस्तकांतलं स्वरलेखनही खास होतं. सात स्वरांना सात वेगवेगळे आकार, कोणाला त्रिकोण, कोणाला चौकोन, म्हणजे शेतात राबणाऱ्या माणसालाही पंधरवड्याच्या गाणशाळेत स्वर वाचता येऊ लागायचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून गावातल्या मुलांना सॉलफेजच्या, म्हणजे दो-रे-मी म्हणत शिकायच्या रीतीने स्वरवाचन शिकवलं गेलं आणि त्यातून मुंबईच्या सिनेसंगीतापर्यंत वादकांची फौज उभी राहिली. अमेरिकेच्या दक्षिणेत या गाणशाळांनी तेच केलं, फक्त तिथून गायक निघाले. व्हॉनच्याच वाटेने व्ही. ओ. स्टॅम्प्स गेला. त्याने १९२४ मध्ये टेक्सासमध्ये प्रकाशन सुरू केलं, आणि त्याच्या नावाची स्टॅम्प्स चौकडी पुढे सम्नर यांच्या आयुष्यात मोठी जागा घेते.

चौकडीची रचनाही सांगायला हवी. सर्वांत वर टेनर, त्याखाली मूळ चाल गाणारा लीड, मग बॅरिटोन, आणि तळाला बास. बासचं पहिलं काम म्हणजे बाकी तिघांना पाय रोवायला जमीन देणं. त्याचा सूर एक केस जरी ढळला तरी वरचे तिघे बेसूर वाटतात, आणि ऐकणारा दोष टेनरला देतो. दुसरं काम मजेचं असतं. जलद गाण्यांत ओळ संपली की तिघे एक सुरावट, म्हणजे एकत्र जुळलेले तीन सूर, धरून थांबतात आणि बास एकटा पायऱ्या उतरत किंवा चढत पुढच्या सुरावटीत सगळ्यांना घेऊन जातो. श्रोते या जागांची वाट पाहत असतात. लहान मुलांना तर चौकडीत बासच आवडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सम्नर फ्लोरिडात सनी साउथ चौकडीत गाऊ लागले. तिथून डिक्सी लिली हार्मनियर्स, हे नाव पिठाच्या एका ब्रँडचं. त्या काळातला व्यवहार असाच होता. पीठवाल्यांच्या किंवा औषधवाल्यांच्या पैशावर रेडिओवर रोज पहाटे-दुपारी गायचं, त्यात संध्याकाळचा कार्यक्रम कुठे आहे ते सांगायचं, मग गाडी काढून त्या गावी जायचं, शाळेच्या सभागृहात गायचं, पुस्तकं आणि रेकॉर्ड विकायच्या, आणि रात्रीतून परत रेडिओ स्टेशनवर यायचं. बासगायकाला झोप फार महत्त्वाची असते. झोप झाली नाही की खर्ज जातो. सम्नर यांनी तारुण्यातली ही वर्षं मोटारीत बसल्या बसल्या झोप काढत घालवली. पुढे त्यांनी बसचं जे केलं ते या अनुभवातून आलं असं मला वाटतं.

१९४९ मध्ये ते सनशाइन बॉइजमध्ये गेले. हा संच भक्तिगीतांबरोबर काउबॉय गाणीही गायचा आणि वेस्टर्न सिनेमांतही दिसायचा. १९५१ मध्ये रेड फोली या कंट्री गायकाने 'पीस इन द व्हॅली' ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा साथीला हीच चौकडी होती. ही रेकॉर्ड प्रचंड खपली. गाणं लिहिलं होतं थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकाराने. इथे थोडं थांबावंसं वाटतं. सदर्न गॉस्पेल हा गोऱ्या लोकांचा बाजार होता. सभागृहं वेगळी, रेडिओ वेगळे, बसायच्या जागा वेगळ्या. पण गाणी, लय आणि विशेषतः बासने मधेच ओळ उचलायची तऱ्हा, यात कृष्णवर्णीयांच्या चौकड्यांचं देणं मोठं आहे. गोल्डन गेट क्वार्टेट ऐकली की हे कान सांगतात. त्या देण्याची कबुली या क्षेत्राने बराच काळ द्यावी तशी दिली नाही, आणि सम्नर यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी त्यांच्या काळाबद्दल लिहिताना हे वगळणं मला पटत नाही.

मग आलं १९५४. त्या वेळी या क्षेत्रात दोन चौकड्यांचा दबदबा होता. अटलांटाची स्टेट्समेन आणि मेम्फिसची ब्लॅकवूड ब्रदर्स. ब्लॅकवूड बंधूंनी १९३४ मध्ये मिसिसिपीत गायला सुरुवात केली होती आणि वीस वर्षांत ते राष्ट्रीय पातळीवर पोचले होते. जून १९५४ मध्ये त्यांनी आर्थर गॉडफ्रीच्या टेलिव्हिजनवरच्या गुणवत्ता स्पर्धेत बाजी मारली. प्रवासासाठी त्यांच्याकडे स्वतःचं छोटं विमान होतं आणि ते त्यांचा बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवूड स्वतः चालवायचा. ३० जूनला अलाबामातल्या क्लँटन गावी कार्यक्रम होता. उड्डाण करताना अंदाज चुकू नये म्हणून उजेड असतानाच विमान एकदा फिरवून पाहायचं ठरलं. उतरताना ते कोसळलं आणि पेटलं. आर. डब्ल्यू., बास गायक बिल लाइल्स आणि त्यांच्याबरोबरचा एक तरुण गेले. जेम्स ब्लॅकवूड धावपट्टीच्या कडेला उभे राहून पाहत होते. ते आगीकडे धावले तेव्हा स्टेट्समेनचे जेक हेस यांनी त्यांना धरून मागे ओढलं.

बिल लाइल्सच्या जागी ब्लॅकवूड ब्रदर्सनी सम्नर यांना बोलावलं. मेलेल्या मित्राच्या जागी उभं राहून गायचं आणि समोरचा प्रत्येक श्रोता त्याच मित्राला आठवतोय हे ठाऊक असताना गायचं, याहून अवघड सुरुवात मला सुचत नाही. लाइल्सचा आवाज गोल, मऊ होता. सम्नर यांनी त्याची नक्कल केली नाही. त्यांचा आवाज जास्त काळा, जास्त खोल होता, आणि चौकडीने आपली गाणी त्यांच्या आवाजाभोवती नव्याने बसवली. ही समजूत दोन्ही बाजूंनी दाखवली गेली म्हणून पुढची अकरा वर्षं जमली.

अपघातानंतर विमानाचा विचारच नव्हता. सम्नर यांनी सुचवलं की जुनी प्रवासी बस घ्यावी, आतल्या खुर्च्या काढून टाकाव्यात आणि झोपायला बिछाने बसवावेत. १९५५ मध्ये ब्लॅकवूड ब्रदर्स अशा बसने फिरू लागले. आज अमेरिकेत रॉक असो की कंट्री, प्रत्येक संच झोपायच्या सोयीच्या बसने दौरे करतो, आणि ही कल्पना अमलात आणण्याचं श्रेय सम्नर यांना दिलं जातं. एका गायकाने आपल्या धंद्याला याहून उपयोगी काय दिलं असेल? पाच-सहा माणसं रात्रभर आडवी होऊन दुसऱ्या गावी पोचतात, हॉटेलचा खर्च वाचतो, कपडे चुरगळत नाहीत आणि आवाज शाबूत राहतो. मी स्वतः गायकवृंद घेऊन रात्रीच्या गाडीने बसून प्रवास केला आहे, आणि सकाळच्या प्रार्थनेला बासच्या रांगेतून काय निघतं ते मला चांगलं माहीत आहे.

दुसरं मोठं काम १९५७ चं. ब्लॅकवूड ब्रदर्सच्या पुढाकाराने मेम्फिसच्या एलिस ऑडिटोरियममध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन भरली. देशभरच्या चौकड्या एका ठिकाणी, एकामागोमाग एक. कल्पना आणि चिकाटी मुख्यतः सम्नर यांची. तोवर प्रत्येक चौकडी आपापल्या मुलखात फिरायची. इथे त्या एकमेकींना ऐकू लागल्या. आयोजक, प्रकाशक, रेडिओवाले, नव्या दमाचे गायक, सगळे एका आठवड्यात भेटू लागले. हा मेळावा मेम्फिसहून नॅशव्हिल, तिथून लुइव्हिल आणि २०१४ पासून टेनेसीतल्या पिजन फोर्ज इथे भरत आला आहे. १९६४ मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उभारणीतही ते होते. याशिवाय गाणी लिहिणं चालूच होतं. त्यांनी शेकडो गाणी लिहिली. सगळीच टिकली असं नाही, पण बासच्या गळ्यातून विचार करून लिहिलेली गाणी म्हणून आम्हा मंडळींना ती वेगळी वाटतात. बास त्यात शोभेपुरता येत नाही.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्टॅम्प्स हे नाव आणि ती चौकडी ब्लॅकवूड मंडळींच्या हाती आली. व्यवस्था सम्नर पाहू लागले, आणि १९६५ मध्ये ब्लॅकवूड ब्रदर्स सोडून स्वतःच तिच्यात गायला उभे राहिले. 'जे. डी. सम्नर अँड द स्टॅम्प्स' हे नाव तेव्हाचं. चाळिशीतल्या, सर्वांत मोठ्या चौकडीत स्थिरावलेल्या गायकाने हे करणं धाडसाचं होतं. त्यांनी तरुण गायक घेतले. पुतण्या डॉनी सम्नर, एड एनॉक, बिल बेझ. पुढे ओक रिज बॉइजचा बास म्हणून जगभर गाजलेला रिचर्ड स्टर्बन काही काळ इथेच होता. एका चौकडीत दोन बास ठेवणं हा सम्नर यांचा विचार होता आणि मला तो फार आवडतो. तरुण बासने नेहमीची ओळ गायची, म्हाताऱ्याने त्याच्या खालचा मजला. पियानोवर काही काळ टोनी ब्राउन होता, जो नंतर नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातला मोठा निर्माता झाला. या माणसाला माणसं पारखता येत होती.

आता एल्विस. एल्विस १९४८ मध्ये आईवडिलांबरोबर मेम्फिसला आला आणि एलिस ऑडिटोरियममधल्या रात्रभर चालणाऱ्या गॉस्पेल मैफलींना जाऊ लागला. सम्नर सांगत की एकदा या पोराकडे तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून त्यांनी त्याला रंगमंचाच्या मागच्या दाराने आत घेतलं. तेव्हा सम्नर सनशाइन बॉइजमध्ये होते आणि पोराला कोणी ओळखत नव्हतं. एल्विसला रॉकचा राजा व्हायच्या आधी गॉस्पेल चौकडीत गायचं होतं. १९५८ मध्ये त्याची आई ग्लॅडिस वारली तेव्हा अंत्यविधीला ब्लॅकवूड ब्रदर्स गायले, कारण आईची ती लाडकी चौकडी होती. बास अर्थात सम्नर यांचा.

१९७१ च्या नोव्हेंबरपासून स्टॅम्प्स एल्विसच्या दौऱ्यांवर जाऊ लागले. आधी ही जागा इम्पीरियल्स या चौकडीची होती. मंचावर एका बाजूला स्टॅम्प्स, दुसरीकडे स्वीट इन्स्पिरेशन्स हा कृष्णवर्णीय गायिकांचा संच, आणि वर कॅथी वेस्टमोरलँडचा सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीतला स्त्रीचा आवाज. दक्षिणेच्या वेगळ्या ठेवलेल्या दोन परंपरा एकाच मंचावर एकाच गाण्यात, रोज रात्री. १९७२ चं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जानेवारी १९७३ चा हवाईचा उपग्रहावरून दाखवलेला कार्यक्रम, सगळीकडे हा खर्ज आहे. मार्च १९७४ च्या मेम्फिसच्या मैफलीत क्रिस क्रिस्टॉफरसनच्या 'व्हाय मी लॉर्ड' या गाण्यात एल्विस कडवी सम्नर यांना देतो आणि स्वतः त्यांच्या बाजूला उभा राहून गातो. याच मैफलीतल्या 'हाउ ग्रेट दाउ आर्ट'ला ग्रॅमी मिळालं. एल्विसला स्पर्धेतून तीनच ग्रॅमी मिळाली आणि तिन्ही भक्तिगीतांसाठी, हे त्याच्या रॉकप्रेमी चाहत्यांनाही अनेकदा माहीत नसतं.

'एल्विस ऑन टूर' या १९७२ च्या माहितीपटात एक प्रसंग आहे, तो जरूर पाहा. स्टॅम्प्स 'स्वीट, स्वीट स्पिरिट' गातात. हे डॉरिस एकर्सचं गाणं, संथ, चार आवाजांचं, वाद्यं अगदी नावापुरती. एल्विस गात नाही. हजारो लोक त्याला पाहायला आलेत आणि तो मंचावर उभा राहून फक्त ऐकतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग दाखवतो आणि सांगतो, सम्नर कुठे आहेत ते शोधा. सहज सापडत नाहीत. त्या गाण्यात एकही उडी नाही, एकही विक्रमी स्वर नाही. प्रत्येक सुरावटीखाली ते आहेत, दाबून धरलेल्या आवाजात, बाकीच्यांच्या शब्दांचे स्वर जसे उघडतात तसेच उघडत आणि मिटतात तसेच मिटत. मिसळून जाणं म्हणजे काय हे मला शब्दांत सांगायला तास लागतो. त्या दोन-तीन मिनिटांत ते दिसतं.

'वे डाउन' १९७७ च्या जूनमध्ये बाजारात आलं. १६ ऑगस्टला एल्विस गेला. गाणं तेव्हा अमेरिकेच्या कंट्री यादीत शिखरावर चढलं होतं आणि थोड्याच दिवसांत ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. १८ ऑगस्टला ग्रेसलँडमध्ये अंत्यविधी झाला. तिथे सम्नर आणि स्टॅम्प्स गायले, जेक हेस गायले, जेम्स ब्लॅकवूड यांनी 'हाउ ग्रेट दाउ आर्ट' गायलं. क्लँटनच्या धावपट्टीवर एकाने दुसऱ्याला आगीपासून ओढलं होतं, ते दोघेही तिथे होते.

पुढची वर्षं थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास सम्नर यांनी आपल्या पिढीतले दिग्गज एकत्र आणून मास्टर्स फाइव्ह हा संच काढला. पियानोवर होवी लिस्टर, टेनर रोझी रोझेल, जेक हेस, जेम्स ब्लॅकवूड आणि तळाला स्वतः. त्यांनाही ग्रॅमी मिळालं. आवाज सगळ्यांचे उतरलेले होते, पण कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे दुसऱ्याला जागा द्यायची हे या पाचांना इतकं अंगवळणी पडलं होतं की ऐकताना वय विसरायला होतं. १९८८ मध्ये स्टॅम्प्स पुन्हा उभी राहिली. नव्वदच्या दशकात बिल गेदर यांच्या होमकमिंग चित्रफितींमुळे नव्या पिढीला हे सगळे चेहरे माहीत झाले. त्यांत सम्नर खुर्चीत बसलेले, पांढऱ्या केसांचे, मधेच एखादी ओळ तळाला नेऊन ठेवणारे असे दिसतात. १६ नोव्हेंबर १९९८ ला साउथ कॅरोलायनात मर्टल बीच इथे दौऱ्यावर असतानाच त्यांचं निधन झालं. चौऱ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

'सर्वांत मोठा बास कोण' असं कोणी विचारलं तर मी सरळ सम्नर म्हणणार नाही. लयीचा धक्का आणि नखरा यांत स्टेट्समेनचे जिम वेदरिंग्टन, ज्यांना बिग चीफ म्हणत, ते पुढे होते. एकट्याने चाल गाऊन श्रोत्याला हलवण्यात कॅथीड्रल्स या चौकडीचे जॉर्ज यंस पुढे होते. यंस यांचा खर्ज तितका खोल नव्हता, पण त्यात शब्द जास्त स्पष्ट आणि भाव जास्त कोवळा. सम्नर यांची जागा आवाजाच्या रंगात आणि मघाशी सांगितलेल्या कामात आहे. तळाच्या उड्या त्यांनी उतारवयात जरा जास्तच मारल्या असंही मला वाटतं. लोक टाळ्या वाजवत होते, त्याचा तो परिणाम.

शेवटचा प्रश्न, असा आवाज कमावता येतो का? तळ किती खोल हे स्वरतंतूंची लांबी आणि जाडी ठरवते, आणि ती जन्मजात. रियाजाने तो तळ दोन-तीन सूर खाली सरकतो आणि जे सूर आधीच आहेत ते भरदार होतात. बहुतेकांसाठी हा दुसरा फायदाच मोठा असतो. आपल्याकडची खर्ज भरायची जुनी रीत इथे उत्तम चालते. पहाटे, झोपेने तंतू सैल असताना, सा धरून सावकाश मंद्र नी, ध, प असं उतरायचं, प्रत्येक सुरावर पूर्ण श्वासभर थांबायचं, आवाज बारीक ठेवायचा आणि जोर लावायचा नाही. हनुवटी छातीकडे दाबू नका. खाली जाण्यासाठी स्वरयंत्र गळ्यात खाली ढकलायची सवय लावून घेऊ नका, त्याने आवाज घोगरा आणि सूर कमी होतो. करकरीत जागा येऊ लागली की समजा तुमची नेहमीची हद्द संपली. तिथे दिवसातून मिनिट-दोन मिनिटं खेळायला हरकत नाही, तो रियाजाचा मुख्य भाग करू नका. वीस वर्षांच्या आतल्या मुलांनी तर खोलीच्या मागे लागूच नये. बासचा आवाज पिकायला तिशी उजाडते.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी ब्लॅकवूड ब्रदर्सची १९५० च्या दशकातली मुद्रणं, लाइल्स असतानाची आणि सम्नर आल्यानंतरची, एकाच बैठकीत. मग माहितीपटातलं ते संथ गाणं. मग मेम्फिसची १९७४ ची मैफल, आणि 'वे डाउन' सगळ्यांत शेवटी, हेडफोन लावून, आवाज बेताचा ठेवून.